न झाडलेलं पिस्तूल

‘निगा’ हा यंदाचा विषय आहे, असं संपादकांनी फोनवर सांगितलं आणि त्याच दमात कोण कशावर लिहितंय हेही सांगून टाकलं. कुणी वाड्यांच्या तुळयांवर, कुणी तंबोऱ्यांवर, कुणी गावच्या बारवांवर. मी विचारलं, “पिस्तुलावर लिहू का?” पलीकडे क्षणभर काहीच नाही. मग, “लिहा. पण दिवाळी अंक आहे, जपून.”

जपायचं होतंच. विषय डोक्यात आला तोच मुळी वर्तमानपत्रातल्या एका ठरावीक वाक्यामुळे. ‘पिस्तूल साफ करताना चुकून गोळी सुटून...’ पुढे कधी ‘जखमी’, कधी ‘मृत्यू’. हे वाक्य वाचलं की वाचणाऱ्याला पहिली शंका येते ती पोलिसांनाही येत असणार, तिचं इथे काम नाही. मला छळायची ती दुसरी, बाळबोध शंका. साफ करायला घेतलेल्या हत्यारात गोळी राहतेच कशी? आणि साफ करायचं म्हणजे नेमकं करतात तरी काय? मुठीत मावेल एवढ्या लोखंडाला पुसायला कितीसा वेळ लागावा?

पहिलं उत्तर मिळालं ते परवानाधारक शस्त्रविक्रेत्याच्या दुकानात. दुकान तिसऱ्या पिढीकडे आहे. मागच्या खोलीत दुरुस्तीचं टेबल, त्यावर पितळी शेगडा, लहान ब्रशांचा गठ्ठा, जुन्या धोतराच्या चिंध्या. सत्तरीचे मालक स्वतः काम करतात. “ताई, झिजलेलं हत्यार माझ्याकडे क्वचित येतं,” ते म्हणाले. “येतं ते गंजलेलं.” परवान्यावर वर्षाला किती काडतुसं घेता येतील आणि एका वेळी किती जवळ ठेवता येतील हे लिहिलेलं असतं. आत्मसंरक्षणासाठी परवाना घेतलेला माणूस ती सगळी घेतोच असं नाही, आणि घेतली तरी झाडणार कुठे? शेतात हवेत बार काढणं हा गुन्हा. रेंज जिल्ह्याच्या गावी, तीही असली तर. मग पहिल्या दिवशी विकत घेतलेली पेटी कपाटात, रिव्हॉल्व्हर तिच्या शेजारी, आणि दोघांच्या डोक्यावर एकामागून एक पावसाळे.

बंदुकीची सफाई म्हटलं की सिनेमातला धुरकट नळीत फुंकर मारणारा माणूस आठवतो. आपल्याकडच्या बहुतेक पिस्तुलांना धूर माहीतच नसतो. त्यांची निगा ही न वापरलेल्या यंत्राची निगा आहे, आणि ती वापरलेल्यापेक्षा अवघड आहे.

आधी रिकामं

पोलीस मुख्यालयातल्या शस्त्रागाराला तिथली माणसं ‘कोत’ म्हणतात. जाड दार, लोखंडी रॅक, प्रत्येक हत्याराला बट नंबर, आणि टेबलावर रजिस्टर. हत्यार बाहेर जाताना सही, आत येताना सही. मला परवानगी मिळाली ती दारातल्या बाकापर्यंत. तिथून दिसत होतं ते पुरेसं होतं.

ड्यूटीवरून परतलेला शिपाई आधी कोतच्या बाहेर वाळू भरलेल्या पेटीपाशी थांबतो. नळीचं तोंड वाळूकडे. ‘खाली कर’ हा हुकूम इथे अजून हिंदीतच दिला जातो. मग मॅगझिन बाहेर, स्लाइड मागे, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. स्लाइड मागेच अडकवून तो आत डोकावतो, करंगळी घालून चेंबर चाचपतो, आणि मग शेजारी उभा असलेला दुसराही डोकावतो. एवढं झाल्याशिवाय हत्यार टेबलावर येत नाही. हा प्रकार मी एकामागून एक शिपायांना करताना बघितला. कुणीही त्यातलं काही वगळलं नाही, आणि कुणाच्याही चेहऱ्यावर त्याचं अप्रूप नव्हतं.

वर्तमानपत्रातल्या त्या वाक्याचं उत्तर या क्रमात दडलेलं आहे. पिस्तुलात गोळी दोन ठिकाणी असते. मुठीतल्या मॅगझिनमध्ये, आणि नळीच्या मागच्या टोकाशी असलेल्या चेंबरमध्ये. स्लाइड मागे ओढली की चेंबरमधलं काडतूस बाहेर फेकलं जातं. ती सोडली की पुढे जाताना मॅगझिनमधलं वरचं काडतूस चेंबरमध्ये ढकलते. यंत्राचं कामच ते आहे. आता कुणी आधी स्लाइड ओढली आणि नंतर मॅगझिन काढलं, तर काय होईल? टेबलावर एक काडतूस पडलेलं दिसतं. हातात मॅगझिनही आलेलं असतं. मन म्हणतं, झालं रिकामं. चेंबरमध्ये दुसरं काडतूस शांतपणे जाऊन बसलेलं असतं. दोन्ही कामं केली, क्रम उलटा झाला, एवढंच.

याला एक पोटभेद आहे, तो मला आर्मोरर, म्हणजे हत्यारांची दुरुस्ती-देखभाल बघणाऱ्या, हवालदारांनी समजावला. आपल्या पोलिसांकडे आणि लष्कराकडे वर्षानुवर्षं असलेलं ९ मिलिमीटरचं ‘पिस्टल ऑटो वन-ए’ हे ब्राउनिंग हाय-पॉवरचं भारतीय रूप. जॉन ब्राउनिंगनं सुरुवात केलेलं आणि त्याच्या मागे बेल्जियममध्ये दिउदोने सेव्हनं १९३५ मध्ये पूर्ण केलेलं पिस्तूल. आपल्याकडे ते ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनतं. त्यात मॅगझिन काढलं की चाप ओढूनही घोडा पडत नाही, अशी एक आतली कडी आहे. सुरक्षेसाठीच ठेवलेली. पण त्याच पिस्तुलावर हात बसलेल्या माणसाला वाटू लागतं की मॅगझिन काढलं म्हणजे हत्यार निरुपद्रवी झालं. उद्या त्याच्या हाती ग्लॉक येतं. ग्लॉकमध्ये अशी कडी नाही. शिवाय ग्लॉक उघडताना स्लाइड सुटी करण्याआधी चाप ओढावाच लागतो, त्याची रचनाच तशी आहे. म्हणजे साफ करायला बसलेला माणूस, साफ करण्याची पहिली पायरी म्हणून, चाप ओढतो. चेंबर डोळ्यानं आणि बोटानं तपासलेलं नसेल तर वर्तमानपत्रातलं वाक्य तिथे तयार होतं.

“मॅडम, पुस्तकात फार नियम आहेत,” हवालदार म्हणाले, “मी नव्या पोरांना एवढंच सांगतो की ज्या टेबलावर हत्यार साफ होतंय त्या टेबलावर काडतूस नको. त्या खोलीतच नको.”

रिव्हॉल्व्हर या बाबतीत मनमोकळं असतं. कानपूरला बनणारं आणि आपल्याकडच्या परवानाधारकांत सगळ्यात जास्त दिसणारं .३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर जुन्या वेब्लीच्या धर्तीवर मधून मोडतं. खटका दाबला, नळी खाली वाकवली, की सहाच्या सहा घरं उताणी होतात आणि काडतुसं आपोआप वर उचलली जातात. लपायला जागा नाही.

नळीत काय राहतं

गोळी सुटली की नळीत चार गोष्टी मागे राहतात. दारूच्या ज्वलनाची काजळी, गोळीवरच्या तांब्याच्या आवरणाचा पातळ लेप, शिशाची गोळी असेल तर शिसं, आणि काडतुसाच्या बुडाशी असलेल्या टोपीच्या स्फोटकाची राख. शेवटची सगळ्यात कमी असते. एके काळी सगळ्यात घातक तीच होती.

जुन्या टोप्यांमध्ये पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळून पोटॅशियम क्लोराइड उरतं. म्हणजे एक प्रकारचं मीठच. पावसाळ्यात मिठाची बरणी जशी पाझरते तशी त्या मिठाची पुटं नळीच्या भिंतीवर हवेतलं पाणी ओढून घेत बसायची, आणि रात्रीतून नळी लाल व्हायची. गंमत अशी की तेलात मीठ विरघळत नाही. प्रामाणिकपणे भरपूर तेल लावून ठेवलेली नळीदेखील तेलाच्या थराखाली गंजायची, आणि शिपायाला आपलं काय चुकलं ते कळायचं नाही. विरघळवायला पाणीच हवं. म्हणून .३०३ रायफलीच्या काळातले सैनिक नळीत नरसाळ्यानं उकळतं पाणी ओतत. लोखंडावर मुद्दाम पाणी! पण उकळतं पाणी मीठ धुऊन नेतं आणि नळी इतकी तापवतं की उरलेलं पाणी आपोआप उडून जातं. त्यानंतर तेल. जर्मनीत १९२८ च्या सुमारास ‘सिनॉक्सिड’ नावाचं क्लोरेटविरहित मिश्रण आलं, हळूहळू बाकीचेही तिकडे वळले, आणि अमेरिकी लष्करानंही १९५० च्या दशकात जुन्या टोप्या सोडल्या. आज बाजारात मिळणाऱ्या काडतुसांत ते मीठ नाही. तरीही झाडल्यावर ‘त्याच दिवशी साफ’ ही शिस्त राहिली आहे. कारण गेलं, सवय उरली. मला ही सवय मोडावीशी वाटत नाही, कारण आपल्या हवेत काजळीसुद्धा ओल धरते.

कोतमधलं काम बघताना एक शब्द सारखा कानावर येत होता, ‘फुलथ्रू’. दोरीच्या एका टोकाला पितळी वजन, दुसऱ्या टोकाला फास. वजन नळीतून खाली सोडायचं, फासात चिंधी अडकवायची आणि दोरी एका दमात ओढायची. इंग्रजांच्या काळापासून या चिंधीचं माप चार इंच बाय दोन इंच. मोठी घेतली तर नळीत अडकते आणि मग ती काढायला आर्मोररला बोलवावं लागतं. हे काम त्यांना मुळीच आवडत नाही, आणि ते तसं ऐकवतातही. पिस्तुलाच्या आखूड नळीला दोरीपेक्षा गज सोपा पडतो. गजाच्या टोकाला ब्राँझचा ब्रश. ब्राँझ अशासाठी की तो नळीच्या पोलादापेक्षा मऊ असतो. झिजेल तर ब्रश झिजेल.

नळीच्या आत पेचदार खाचा असतात, गोळीला गिरकी देणाऱ्या. नळीचं पुढचं तोंड, जिथून गोळी बाहेर पडते ती गोल कड, हा सगळ्या नळीतला सगळ्यात नाजूक भाग. ती कड एका बाजूनं किंचित जरी खाल्ली गेली तर बाहेर पडणाऱ्या गोळीच्या मागचा वायू त्या बाजूनं आधी निसटतो आणि गोळी कलते. म्हणून गज शक्यतो मागून पुढे घालायचा. पिस्तुलाची नळी सुटी होते, तिथे हे सहज जमतं. स्विंग-आउट, म्हणजे घरांचं चक्र बाजूला उघडणाऱ्या, रिव्हॉल्व्हरची नळी चौकटीला जोडलेलीच असते, गज पुढूनच घालावा लागतो. मग कडेला घासू नये म्हणून पितळी किंवा प्लॅस्टिकची टोपी लावतात. ब्रश मध्येच उलटा फिरवायचा नाही, पूर्ण पार गेला की मगच परत. तारा दुमडतात.

मग चिंध्या. दुकानातल्या मालकांनी मला टेबलावर ओळीनं मांडून दाखवल्या. पहिली काळीकुट्ट. दुसरी राखाडी. तिसरीवर कडेला हिरवट-निळी झाक. ती तांब्याची. अमोनिया असलेलं द्रावण तांब्याला भिडलं की असा रंग उतरतो. निळा यायचा थांबला की तांबं संपलं. हॉप्स नंबर नाइन नावाचं एक द्रावण जगभरचे नेमबाज वासावरून ओळखतात. फिलाडेल्फियाच्या फ्रँक हॉप यांनी ते १९०३ मध्ये आणलं. त्याच्या मूळ मिश्रणात अमाइल ॲसिटेट होतं, केळ्याच्या इसेन्समध्ये असतं तेच. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या हे काम रॉकेलनं केलं. रॉकेल रेशनवर मिळेनासं झाल्यावर लोक पेट्रोलकडे वळले, आणि ते वाईट झालं. आगीचा धोका तर आहेच, पण पेट्रोल जुनं तेल, वंगण, सगळं धुऊन नेतं आणि लोखंड उघडं टाकून उडून जातं. त्यावर लगेच तेल नाही लावलं तर दोन दिवसांत बोटांचे ठसे लाल होऊन उमटतात.

शेवटी हात. टोपीतलं आजचं स्फोटक क्लोरेटमुक्त असलं तरी त्यात शिशाचं संयुग असतं, आणि नळीतही शिसं असतं. साफसफाई झाल्यावर साबणानं, गार पाण्यानं हात धुवायचे आणि मगच चहा. कोतमध्ये चहाचा ग्लास टेबलाच्या जवळ आला की हवालदार नुसतं बघतात. ग्लास परत जातो.

किती तेल

वंगणाबद्दल लोकांची समजूत उलटी आहे. माणूस हत्याराची काळजी घेतो ती तेल ओतून. मी ज्यांना ज्यांना विचारलं, कोतमध्ये, दुकानात, रेंजवर, त्या सगळ्यांची तक्रार एकच होती. फार तेल.

ग्लॉकच्या पुस्तिकेत सांगितलेलं तेल एका हाताच्या बोटांवर मोजता येईल इतक्या जागी, आणि प्रत्येक जागी थेंबभर. स्लाइड ज्या रुळांवरून धावते ते रूळ. नळीचा बाहेरचा भाग. आणि चापाची लांब पट्टी मागे जिथे दुसऱ्या पत्र्याला घासते त्या कोपऱ्यात एक थेंब. हा शेवटचा विसरला की चाप जड लागतो. आणि एक जागा मुद्दाम कोरडी ठेवायची. स्ट्रायकर, म्हणजे काडतुसाच्या टोपीवर आदळणारी सुई, ज्या भोकातून धावते ते भोक. तिथे तेल गेलं की त्यात काजळी मिसळून चिखल होतो आणि सुईचा आघात मंदावतो. टोपीवर खूण उमटते, बार होत नाही. तेल सरकत सरकत थेट काडतुसाच्या टोपीपर्यंत गेलं तर टोपीच भिजून मरते. संकटकाळासाठी ठेवलेलं हत्यार जास्त काळजीनं निकामी झालेलं असतं.

नियम कळला की सोपा आहे. जिथे धातूवर धातू घासून चमकदार रेघ पडली आहे, तिथे वंगण. यंत्र स्वतःच दाखवतं. बाकी पृष्ठभागावर तेल हवं ते हवेपासून आडोसा म्हणून, आणि तेवढ्यासाठी तेलकट फडकं फिरवलं की झालं.

तेल कोणतं? इथे घराघरांतलं पाकशास्त्र सुरू होतं. शिलाई मशीनचं तेल सगळ्यात लोकप्रिय, आणि तसं वाईट नाही. पातळ आहे, स्वच्छ आहे, पण लवकर उडतं. पावसाळ्यात महिन्यातून दोनदा लावायची तयारी असेल तर खुशाल लावा. नारळाचं तेल मात्र मालकांच्या टेबलावर येणाऱ्या दुखण्यांचं मोठं कारण. नाशिककडच्या किंवा महाबळेश्वरच्या थंडीत ते गोठतं, बाकी वर्षभर हवेशी संयोग पावून चिकट होत जातं, आणि काही वर्षांनी तपकिरी वार्निश बनतं. तसं एक रिव्हॉल्व्हर मी बघितलं. त्याचा घोडा ओढून सोडला तर तो हळूहळू, विचार करत खाली यायचा. डब्ल्यूडी-४० चा निळा-पिवळा डबा आता प्रत्येक मोटारसायकलवाल्याकडे असतो. नावातच सांगितलंय तसं ते पाणी हटवण्यासाठी १९५३ मध्ये बनवलेलं आहे. पावसात भिजलेलं हत्यार वाचवायला उत्तम. पण ते टिकाऊ वंगण नाही, आणि फवारा असल्यामुळे नको त्या भोकात जातं. जर्मन बॅलिस्टॉलचं कौतुक खूप ऐकलं. विसाव्या शतकाच्या आरंभी तिथल्या लष्करासाठी बनलेलं हे तेल पाण्यात मिसळून दुधी होतं, लाकडाला आणि कातड्यालाही चालतं. दर्प मात्र असा, की घरात कुणीतरी त्याबद्दल बोलल्याशिवाय राहत नाही.

ओल, कातडं आणि कुंकू

हवेतली सापेक्ष आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की लोखंड गंजण्याचा वेग झपाट्यानं वाढतो. जुलैत रत्नागिरीत, अलिबागला, पणजीत ती ऐंशीच्या खाली सहसा येत नाही. म्हणजे कोकणातल्या कपाटात ठेवलेलं रिव्हॉल्व्हर वर्षातले चार महिने अखंड हल्ला सोसत असतं.

बहुतेक हँडगनचा काळा-निळा रंग हा रंग नसतो. तोही एक प्रकारचा गंजच. लोखंडाला रसायनात तापवून त्याच्या पृष्ठभागावर काळ्या ऑक्साइडचा पातळ थर मुद्दाम चढवतात, तो लाल गंजाला थोडा आडवा येतो आणि तेल धरून ठेवतो. तेल नसेल तर त्याचा भरवसा नाही. ग्लॉकच्या स्लाइडवरची प्रक्रिया याहून कितीतरी खोल आणि कडक. म्हणून ते घामाला दाद देत नाही. घामाचंही आहे. काही माणसांच्या हाताला इतका खारट घाम असतो की त्यांनी धरलेलं हत्यार दुसऱ्या दिवशी ओळखू येतं. कोतमध्ये अशा एकदोघांची थट्टा ठरलेली असते, आणि त्यांच्या हत्यारावर एक फडकं जास्त फिरतं.

सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे कातडी म्यान. सुंदर, जड, तेलपाणी केलेलं. कातडं कमावताना वापरलेले क्षार आणि आम्लं त्यात थोडी राहतात, आणि कातडं ओल धरतं. कमरेला लावून फिरण्यासाठी ते आहे, कपाटात ठेवण्यासाठी नाही. वर्षभर म्यानात राहिलेल्या रिव्हॉल्व्हरवर म्यानाच्या शिवणीची रेघ गंजात उमटलेली मी पाहिली. कातडी पट्ट्यात खोचून ठेवलेल्या काडतुसांवर बुरशीसारखा हिरवा थर दिसतो, तो पितळेवर चढलेला गंज असतो. अशी काडतुसं चेंबरमध्ये अडकतात. हत्यार तेलकट सुती कापडात, बंद डब्यात, सोबत सिलिका जेलची पुडी, ही सगळ्यात स्वस्त सोय. निळे दाणे गुलाबी झाले की ते पाण्यानं भरले, तापवून पुन्हा निळे करायचे. पुडी ठेवून दहा वर्षं विसरली तर तिचा उपयोग शून्य.

आणि खंडेनवमी. शस्त्रपूजा पोलीस मुख्यालयात होते, राज्य राखीव दलात होते, शस्त्र परवाना असलेल्या वाड्यावरही होते. आदल्या दिवशी कोतमधलं प्रत्येक हत्यार काढून पुसलं जातं. वर्षातली सगळ्यात कसून सफाई तीच. मग चादर अंथरून मांडणी, झेंडूच्या माळा, पाणी, हळदकुंकवाची बोटं, अक्षता. पूजा संपली, प्रसाद वाटला, साहेब गेले, की आर्मोररची माणसं पुन्हा फडकी घेऊन बसतात. ओलं कुंकू आणि पाणी तसंच राहिलं तर त्या जागी खड्डा पडतो. अक्षतांचा एक दाणा घोड्याखाली जाऊन बसला तर घोडा पूर्ण पडत नाही. कोतमध्ये हे ठाऊक असतं म्हणून तिथे काही बिघडत नाही. घरी मात्र पूजेचं हत्यार पुढच्या दसऱ्यापर्यंत तसंच, कुंकवासकट, देव्हाऱ्यालगतच्या कपाटात जातं. दुकानमालक दर वर्षी दिवाळीनंतर ओळखीच्या परवानाधारकांना फोन करतात. “टिळा पुसला का?”

रेंजवर

झाडल्या जाणाऱ्या पिस्तुलांचं जग वेगळं आहे, म्हणून बालेवाडीच्या रेंजवर गेले. इथे दिवसाला शेकड्यानं गोळ्या सुटतात आणि पिस्तुलं गंजायला सवडच मिळत नाही. त्यांचं दुखणं मेण.

२५ मीटर प्रकारातलं पिस्तूल .२२ बोअरचं. गोळी शिशाची, उघडी, आणि नळीत शिसं घासू नये म्हणून तिच्यावर मेणाचा हात फिरवलेला. मेण आणि काजळी मिळून चेंबरच्या तोंडाशी, आणि रिकामी पुंगळी ओढून काढणाऱ्या आकडीच्या खाली, कडक थर बसतो. आकडी पुंगळीच्या कडेला नीट धरत नाही आणि पिस्तूल अडकतं. एरवी हे चाललं असतं. पण या प्रकाराच्या दुसऱ्या टप्प्यात लक्ष्य तीन सेकंद दिसतं, सात सेकंद जातं, पुन्हा तीन सेकंद दिसतं. अडकलं तर हात वर करायचा, पंच येऊन हत्यार बघणार, आणि दोष नेमबाजाचाच निघाला तर न झाडलेली गोळी शून्य. कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये याच प्रकारात सुवर्ण घेतलं तेव्हा बरोबरी सुटायला दोनदा शूटऑफ घ्यावा लागला होता. तो मी पुन्हा बघितला, या वेळी तिच्या हाताकडे न बघता पिस्तुलाच्या स्लाइडकडे. प्रत्येक पुंगळी बाहेर पडत होती. पदकात त्या आकडीखालच्या दातकोरणीचाही वाटा आहे, असं मला रेंजवरच्या एका प्रशिक्षकानं हसत सांगितलं. दातकोरणी खरीच. लाकडी, टोकदार, धातूला न ओरबाडणारी.

गंमत म्हणजे नळीच्या आतल्या सफाईबद्दल इथे एकमत नाही. एक पंथ म्हणतो, .२२ ची नळी क्वचितच साफ करावी, कारण मेणाचा आतला पातळ थर बसल्यावरच गोळ्या एका जागी पडू लागतात. स्वच्छ नळीच्या पहिल्या काही गोळ्या इकडेतिकडे जातात. दुसरा पंथ म्हणतो, दर सत्रानंतर एक कोरडी चिंधी तरी. दोघांचे शिष्य पदकं आणतात. मला पहिला पंथ पटतो, पण मी नेमबाज नाही.

शेजारच्या दहा मीटर हॉलमध्ये हवेची पिस्तुलं. तिथे दारू नाही, काजळी नाही. पण सिलिंडरमध्ये दोनशे बारची हवा कोंडलेली असते, आणि इतक्या दाबाच्या हवेत खनिज तेलाचा अंश गेला तर तो पेट घेऊ शकतो. म्हणून घरचं तेल इथे सक्त मना, रबरी कड्यांना फक्त निर्मात्यानं सांगितलेलं ग्रीस. नळीतून अधूनमधून नमद्याची छोटी गोळी झाडायची, तीच सफाई. सिलिंडरवर तारीख कोरलेली असते. दहा वर्षं झाली की तो कितीही चकचकीत असो, बाद. एका बारा वर्षांच्या मुलीनं मला तो आकडा स्वतःहून दाखवला. “माझा अजून चार वर्षं आहे,” ती म्हणाली, आणि पिस्तूल पेटीत ठेवण्याआधी चेंबरमध्ये लाल दोरी घातली. दोरीचं टोक पुढून बाहेर लोंबत राहिलं, लांबूनही कळावं म्हणून.

आचारसंहितेनंतर

निवडणूक लागली की शस्त्रं जमा होतात. कुणाकडून जमा करून घ्यायची ते जिल्ह्याची छाननी समिती ठरवते. बँकेचे रखवालदार, नेमबाजीचे खेळाडू यांना सूट असते. बाकीच्यांना नोटीस येते. माणूस हत्यार घेऊन पोलीस ठाण्यात जातो, पावती घेतो, आणि निकालानंतर परत आणतो. २०२४ मध्ये लोकसभा आणि विधानसभा असं दोनदा झालं.

ठाण्यात जमा झालेलं हत्यार कुणी पुसत नाही. ते तिथल्या माणसांचं कामही नाही. चिठ्ठी बांधून, कपड्यात किंवा त्याच कातडी म्यानात, मुद्देमालाच्या खोलीत ते पडून राहतं. म्हणून दुकानमालक आपल्या गिऱ्हाइकांना सांगतात की जमा करण्याच्या आदल्या दिवशी जाड तेल लावा, म्यान घरी ठेवा, तेलकट कापडात गुंडाळून द्या आणि पावतीवर हत्याराची स्थिती लिहून घ्या. थोडेच ऐकतात. विधानसभेच्या निकालानंतरच्या आठवड्यात त्यांच्या मागच्या खोलीत जागा नव्हती.

मी बसले होते तेव्हा एक शेतकरी गृहस्थ आले होते. वडिलांच्या नावावरचं रिव्हॉल्व्हर रीतसर आपल्या नावावर करून घेतलेलं. उजव्या बाजूला तपकिरी नक्षी चढलेली. मालकांनी ते मोडून सहाही घरं दाखवली, स्वतः बोट घातलं, त्यांनाही घालायला लावलं. मग गंजावर पातळ तेल सोडून तसंच ठेवलं. “अर्धा तास तरी हात लावू नका.” मग ब्राँझच्या तारांचा मऊ बोळा, तेलात बुडवून, हलक्या गोल हातानं. पॉलिश पेपर कधीच नाही, तो गंजाबरोबर काळा थरही नेतो आणि मग ती जागा कायमची उघडी पडते. लाल चिखल चिंधीवर येत गेला. खाली बारीक खड्डे उरले, ते जाणार नव्हतेच.

चौकटीवर कोरलेल्या नंबरापाशी ते थांबले. तिथे गंज सगळ्यात जास्त होता. कोरीव अक्षरांत ओल साचते. त्यांनी बोळा बाजूला ठेवून दातकोरणी घेतली, एकेका आकड्याच्या खाचेतून गंज उकरला आणि भोवतीचा तांबूस डाग तसाच ठेवला.

“एवढं राहिलं काय?” गृहस्थांनी विचारलं.

“राहू दे. इथे घासलं आणि एक आकडा जरी पुसट झाला तर शस्त्र कायद्याचं आठवं कलम लागतं. तुम्हालाही आणि मलाही.” मालकांनी परवान्याचं पुस्तक मागून घेतलं, नंबर दोनदा मोठ्यानं वाचून जुळवला, आणि दुरुस्तीच्या रजिस्टरमध्ये नोंद करायला बसले.